विश्लेषण : आठ इंजेक्शनांचे काम दोनांत कसे होते? गाईच्या अंडाशयावर संप्रेरकांचा परिणाम वाढवणारी ‘भेसळ’ काय आहे?

उत्तम दुधाची गाय असली तरी तिच्यापासून वर्षाला फार तर एक वासरू मिळते. त्याच गाईपासून एका वेळी पाच-सहा भ्रूण मिळवायचे आणि ते साध्या गाईंच्या गर्भाशयात वाढवायचे, तर आधी तिच्या अंडाशयाला संप्रेरकांनी ‘कामाला लावावे’ लागते. त्यासाठीची रूढ पद्धत चार दिवस, सकाळ-संध्याकाळ, म्हणजे एकूण आठ इंजेक्शनांची आहे. एक चुकले किंवा उशिरा दिले गेले, तर आधीच्या सगळ्या खर्चावर पाणी पडू शकते. म्हणूनच संप्रेरकाचा डोस न वाढवता, त्यात दुसरेच काही तरी मिसळून त्याचा परिणाम वाढवता येईल का, हा प्रश्न पशुवैद्यकांना सतत पडत आला आहे. त्याचे एक सुरुवातीचे उत्तर सुमारे ९० वर्षांपूर्वी सापडले, तेही द्राक्ष बागायतदारांच्या ओळखीच्या मोरचुदात.

आठ इंजेक्शने कशासाठी?

गाईच्या अंडाशयात हजारो सुप्त पुटिका असतात. पुटिका म्हणजे स्त्रीबीज धारण करणारी, द्रवाने भरत जाणारी छोटी पिशवी. दर काही दिवसांनी मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीतून ‘एफएसएच’ हे संप्रेरक जास्त प्रमाणात सुटते आणि पुटिकांची एक तुकडी वाढू लागते. थोड्याच दिवसांत त्यातली एक पुढे जाते. ती स्वतःच अशी रसायने सोडते की रक्तातील एफएसएचची पातळी घसरते. मोठी झालेली पुटिका कमी एफएसएचवरही जगते, बाकीच्यांची मात्र उपासमार होते आणि त्या विरून जातात. गाईला सहसा एकच वासरू होते, ते यामुळे.

बाहेरून एफएसएच टोचणे म्हणजे या विरून जाणाऱ्या पुटिकांना जगवणे. नवीन स्त्रीबीजे तयार होत नाहीत. जी वाया जाणार होती तीच वाचवली जातात. त्यामुळे ‘इंजेक्शनांनी गाईची बीजे लवकर संपतात’ ही गोठ्यांमध्ये ऐकू येणारी भीती निराधार आहे.

अडचण वेगळीच आहे. डुकरांच्या पीयूषिका ग्रंथीपासून काढलेले एफएसएच गाईच्या शरीरात सुमारे पाच तासांत निम्मे होते. आणखी पाच तासांनी त्याच्याही निम्मे. सकाळी दिलेल्या डोसपैकी रात्री फारसे काही उरत नाही आणि पुटिकांना तर तीन-चार दिवस अखंड पुरवठा हवा असतो. म्हणून दिवसातून दोनदा, उतरत्या मात्रेने इंजेक्शने. तिसऱ्या दिवसाच्या आसपास प्रोस्टाग्लँडिन देऊन गाय माजावर आणायची, मग कृत्रिम रेतन करायचे आणि सात दिवसांनी गर्भाशय विशिष्ट द्रावणाने धुऊन भ्रूण बाहेर काढायचे. प्रत्येक इंजेक्शनासाठी गाय खोड्यात घ्यावी लागते. तिला त्याचा ताण येतो आणि ताणाच्या संप्रेरकांमुळे बीज सुटण्याची प्रक्रियाच बिघडू शकते. शिवाय पशुवैद्यक पंधरा-वीस किलोमीटरवरून येणार असेल, तर चार दिवस रोज दोन फेऱ्या कोण मारणार, हा प्रश्न असतोच.

मोरचुदाचा आणि अंडाशयाचा संबंध काय?

१९३०च्या दशकाच्या सुरुवातीला संप्रेरकांचे शास्त्र बाल्यावस्थेत होते. अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठात फेवोल्ड, हिसॉ आणि लेनर्ड यांनी १९३१मध्ये दाखवून दिले, की पीयूषिका ग्रंथीच्या अर्कात अंडाशयावर काम करणारी एक नव्हे, दोन संप्रेरके आहेत. एक पुटिका वाढवणारे, म्हणजे आजचे एफएसएच. दुसरे पुटिका फुटून तिचा पीतपिंड बनवणारे, म्हणजे एलएच. पण शुद्ध स्वरूपात दोन्हीही कुणाच्या हाती नव्हती. अर्कात संप्रेरक किती आहे हे मोजायचे साधन एकच होते. वयात न आलेल्या उंदराच्या मादीला काही दिवस अर्क टोचायचा आणि नंतर तिचे अंडाशय काढून तराजूवर ठेवायचे. वजन जास्त, तर अर्क दमदार.

हे मोजमाप सुरू असतानाच एक विचित्र गोष्ट पुढे आली. अर्कात थोडे झिंक सल्फेट मिसळले, तर तेवढ्याच संप्रेरकाने अंडाशय कितीतरी जड होत होते. फेवोल्ड, हिसॉ आणि ग्रीप यांनी १९३६मध्ये तांब्याच्या क्षारांबाबतही तेच दाखवले. मग प्रयोगशाळांमध्ये जणू शर्यतच लागली. टॅनिक आम्ल, म्हणजे बाभळीच्या सालीत आणि चहात असणाऱ्या टॅनिनचा भाऊबंद, मिसळून पाहिले गेले. दुधातील केसीन, रक्तातील हिमोग्लोबिनचा लोहयुक्त भाग, यीस्टचा अर्क, सगळे करून झाले. एकमेकांशी काडीचाही संबंध नसलेले हे पदार्थ. स्वतः एकटे टोचले तर अंडाशयावर काही करत नव्हते, पण संप्रेरकाबरोबर गेले की परिणाम वाढत होता.

इथेच संशयाला जागा होती. चहातले टॅनिन आणि मोरचूद हे दोघेही अंडाशयातल्या एकाच कळीवर बोट ठेवत असतील, हे जरा अवघडच.

म्हणजे जस्त-तांबे अंडाशयावर काम करतच नव्हते?

बहुतांशी नाही. त्यांचे काम टोचलेल्या जागी चालत होते. संप्रेरक हे प्रथिन आहे. जस्त, तांबे किंवा टॅनिन प्रथिनांना चिकटून त्यांचा साका करतात. टॅनिनने कातडे कमावले जाते ते याच गुणामुळे. कातडीखाली असा साका बसला, की त्यातून संप्रेरक झरझर रक्तात न जाता झिरपत राहते.

महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याला हे समजावून सांगायची गरज नाही. पाटाने एकदम सोडलेले पाणी आणि ठिबकने दिलेले पाणी, दोन्ही मोजून सारखेच असले तरी पीक सारखे येत नाही. पाटाचे बरेचसे पाणी मुळांना लागण्याआधीच निघून जाते. उंदराच्या अंडाशयाचेही तसेच होते. अर्काचा मोठा डोस रक्तात एकदम उसळायचा आणि मूत्रपिंड-यकृत त्याचा निकाल लावायचे. अंडाशयाला प्रत्यक्ष वापरायला मिळायचा तो त्यातला लहानसा भाग.

याची तपासणीही सोपी होती. कोणताही धातू न मिसळता तोच डोस लहान लहान भागांत, अधिक वेळा टोचला, तरी अंडाशय जास्त वाढते. म्हणजे जादू जस्तात नव्हती, वेळेत होती.

हीच युक्ती त्या काळात मधुमेहाच्या रुग्णांसाठीही कामी आली, आणि तिथे ती जास्त गाजली. १९३६मध्ये डेन्मार्कमध्ये हॅगेडॉर्न यांनी माशाच्या वीर्यातील प्रोटामिन हे प्रथिन इन्सुलिनमध्ये मिसळून त्याचा परिणाम लांबवला. टोरंटोमध्ये स्कॉट आणि फिशर यांनी त्यात जस्ताची भर घातली. आज मेडिकल दुकानात मिळणाऱ्या ‘एनपीएच’ इन्सुलिनच्या नावातील ‘एच’ हा हॅगेडॉर्न यांचाच.

तांब्याची गोष्ट मात्र एवढ्यावर संपत नाही. तांब्याचे क्षार सशाच्या मादीच्या शिरेत टोचले, तर कोणतेही संप्रेरक न देताही तिचे स्त्रीबीज सुटते. तिथे साका वगैरे काही नसतो. तांबे मेंदूच्या पातळीवर काम करते आणि सशाची स्वतःचीच पीयूषिका ग्रंथी एलएच सोडते. एकाच धातूचे दोन वेगळे मार्ग आहेत, एक कातडीखालचा आणि एक डोक्यातला. जुन्या निबंधांत हे दोन्ही कधी कधी एकत्र मिसळलेले दिसतात.

एक सूचना इथे आवश्यक आहे. या माहितीवरून कुणी जनावराला मोरचूद किंवा झिंक सल्फेट टोचण्याचा किंवा पाजण्याचा ‘घरगुती प्रयोग’ करू नये. जास्तीचे तांबे विषारी असते आणि मेंढ्यांना तर ते फारच लवकर बाधते. गाय माजावर यावी म्हणून पशुवैद्यक जे खनिज मिश्रण सुचवतात, ते आहारातील कमतरता भरून काढण्यासाठी असते. त्याचा या प्रयोगांशी संबंध नाही.

पण एका संप्रेरकात दुसरे संप्रेरक मिसळले तर?

तिथे चित्र खरोखर बदलते, कारण आता मिसळलेला पदार्थ अंडाशयातच काम करतो.

पुटिकेच्या भिंतीत पेशींचे दोन थर असतात. बाहेरच्या थराला एलएच मिळाले की तो पुरुष संप्रेरके तयार करतो. हो, मादीच्या अंडाशयातही. आतला थर एफएसएचच्या हुकमाने त्यांचे इस्ट्रोजेन बनवतो आणि इस्ट्रोजेन पुन्हा आतल्या थराची वाढ करते. एका कारखान्याचा पक्का माल हा दुसऱ्याचा कच्चा माल. नुसते एफएसएच दिले तर दुसरा कारखाना तयार असतो, पण माल तुटपुंजा येतो.

स्टीलमन आणि पोहली या संशोधकांनी १९५३मध्ये नेमके हेच वापरले. गर्भवती स्त्रियांच्या लघवीतून मिळणारे ‘एचसीजी’ हे संप्रेरक एलएचसारखेच काम करते. त्यांनी २१-२२ दिवसांच्या उंदराच्या माद्यांना एचसीजी भरपूर आणि सगळ्यांना सारखेच दिले. बदलत ठेवले ते फक्त एफएसएच. पुरवठ्याची दुसरी बाजू पूर्ण भरलेली असल्यामुळे आता अंडाशयाचे वजन केवळ एफएसएचच्या मात्रेवर अवलंबून राहिले. पूर्वी अर्कात नकळत मिसळलेल्या एलएचमुळे मोजमाप हलायचे. आता ते जाणूनबुजून, जास्तीचे घालून गप्प केले गेले. इलेक्ट्रॉनिक्स शिकलेल्यांना यात ‘बायसिंग’ दिसेल.

या चाचणीचे महत्त्व प्रयोगशाळेपुरते नाही. वंध्यत्वावरील उपचारांत स्त्रियांना दिल्या जाणाऱ्या एफएसएचच्या कुप्यांवर ‘७५ आययू’ असे जे लिहिलेले असते, ते एकक पुढची कित्येक दशके याच चाचणीवर, म्हणजे अखेरीस उंदराच्या अंडाशयाच्या वजनावर, बेतलेले होते. अलीकडे जनुकीय तंत्राने बनवलेले काही एफएसएच थेट प्रथिनाच्या वजनाने भरले जाते, कारण उंदीर कितीही सारखे निवडले तरी चाचणीच्या निकालात चढउतार होतातच.

मग गाईलाही दोन्ही संप्रेरके एकत्र द्यावीत का?

वरच्या प्रयोगांवरून तसे वाटेल. प्रत्यक्षात उलटेच घडते, आणि या साऱ्या विषयातला सर्वात शिकण्यासारखा भाग हाच आहे. उंदराच्या प्रयोगात यशाचे माप होते अंडाशयाचे वजन. गोठ्यात माप आहे वासरू. एलएच जास्त झाले तर गाईच्या पुटिकेतील स्त्रीबीज वेळेआधीच ‘पिकते’. अंडाशय फुगलेले दिसते, पुटिकाही भरपूर, पण फलन होत नाही किंवा भ्रूण निकृष्ट निघतात. म्हणूनच जनावरांसाठीच्या एफएसएचमधून एलएच शक्य तितके काढून टाकण्याकडे उत्पादकांचा कल गेला.

परिणाम लांबवण्यालाही अशीच मर्यादा आहे. १९३०मध्ये कॅलिफोर्नियातील कोल आणि हार्ट यांना गाभण घोडीच्या रक्तात अंडाशयाला उत्तेजन देणारे संप्रेरक सापडले. त्याचे आजचे नाव ‘ईसीजी’ (हृदयाच्या आलेखाशी याचा संबंध नाही). हे प्रथिन निसर्गानेच शर्करेच्या साखळ्यांनी इतके मढवलेले आहे की वजनाच्या जवळपास निम्मा भाग शर्कराच असतो. त्यामुळे शरीर त्याला सहजी बाहेर काढू शकत नाही. गाईच्या रक्तात त्याचा अर्धायुकाल ४० तासांहून जास्त असतो आणि अंश दहा दिवसांपर्यंत राहतात. एकच इंजेक्शन पुरते, म्हणून सुरुवातीला पशुवैद्यक खूश झाले. पण रेतन होऊन गेल्यावरही हे संप्रेरक नव्या पुटिका वाढवतच राहते. इस्ट्रोजेन नको तेव्हा चढते आणि गर्भाशयात उतरलेल्या भ्रूणांना ते मानवत नाही. शेवटी रेतनाच्या वेळी ईसीजीला निष्प्रभ करणारी प्रतिपिंडे टोचून पाहण्यापर्यंत मजल गेली. ठिबक चालू करायचे तर ते बंदही करता आले पाहिजे.

शिवाय ईसीजीसाठी गाभण घोड्यांचे रक्त वारंवार काढावे लागते. आइसलँड, अर्जेंटिना आणि उरुग्वेतील या उद्योगावर प्राणी हक्क संघटनांनी गेल्या काही वर्षांत कठोर टीका केली आहे. तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे.

दोन इंजेक्शनांचा मार्ग कोणता?

१९९०च्या दशकात संशोधक पुन्हा ‘झिरपवण्या’कडे वळले. या वेळी मोरचुदाऐवजी शरीराला न बोचणारे पदार्थ निवडले गेले. जपानमध्ये ‘पीव्हीपी’ या पाण्यात विरघळणाऱ्या पॉलिमरच्या दाट द्रावणात एफएसएच घालून एकाच इंजेक्शनात काम भागवण्यात आले. त्याच सुमारास आणखी साधी गोष्ट लक्षात आली. मांसासाठी पाळल्या जाणाऱ्या गाईंना खांद्यामागे कातडीखाली संपूर्ण डोस एकदम दिला, तर निकाल आठ इंजेक्शनांच्या तोडीचा आला. त्यात काहीही मिसळलेले नव्हते. तिथली चरबीच गाळणीचे काम करत होती. होल्स्टिन गाईंवर मात्र हा प्रयोग फसला. दुधाळ गाईच्या कातडीखाली तेवढी चरबी असतेच कुठे?

मग पुढे आले हायलुरोनान. मोबाइलवर सौंदर्यप्रसाधनांच्या जाहिराती पाहणाऱ्यांना हे नाव ‘हायलुरॉनिक ॲसिड’ म्हणून माहीत असेल. चेहऱ्याच्या सीरममध्ये असते तेच, गुडघेदुखीवर सांध्यात टोचतात तेही तेच. शरीरात मुळातच असणारा हा दाट, चिकट पदार्थ आहे. त्याच्या २ टक्के द्रावणात एफएसएच मिसळून स्नायूत एकच इंजेक्शन दिले, तर परिणाम मिळतो, हे कॅनडा आणि अर्जेंटिनातील संशोधकांनी दाखवले. पण २ टक्के द्रावण इतके घट्ट की गोठ्यात उभे राहून ते भुकटीत एकजीव करणे हाच मोठा व्याप झाला. म्हणून तडजोड केली गेली. द्रावण पातळ करायचे आणि ४८ तासांच्या अंतराने दोन इंजेक्शने द्यायची. अवघ्या ०.५ टक्के द्रावणातही दोन इंजेक्शनांचा निकाल आठ इंजेक्शनांच्या जवळपास आला.

इथे ‘परिणाम वाढतो’ याचा अर्थ नीट घ्यायला हवा. भ्रूणांची संख्या दुप्पट होत नाही. आठ इंजेक्शनांनी सरासरी पाच-सहा चांगले भ्रूण मिळत असतील, तर दोन इंजेक्शनांनीही साधारण तेवढेच मिळतात. वाचतात त्या सहा फेऱ्या आणि गाईचा ताण. एखादी गाय वीस भ्रूण देते आणि शेजारचीच एकही देत नाही, ही तफावत कोणत्याही मिश्रणाने मिटलेली नाही. ती गाईच्या अंडाशयात मुळात किती पुटिका आहेत, यावर ठरते.

माणसांच्या उपचारांत याचाच पुढचा टप्पा आला. एचसीजीच्या रेणूचा शेपटासारखा एक तुकडा जनुकीय तंत्राने एफएसएचला जोडला गेला. अशा औषधाला युरोपात २०१० साली मान्यता मिळाली. त्याचे एक इंजेक्शन पहिल्या सात दिवसांच्या रोजच्या इंजेक्शनांची जागा घेते. इथे बाहेरून काही मिसळलेले नाही, मिसळण रेणूतच शिवली आहे.

महाराष्ट्रातील पशुपालकासाठी याचा अर्थ काय?

डिसेंबर २०१४मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय गोकुळ मिशनमध्ये आयव्हीएफ तंत्राने गाय गाभण राहिल्यास प्रत्येक निश्चित गर्भधारणेमागे शेतकऱ्याला ५ हजार रुपयांचे अनुदान देण्याची तरतूद करण्यात आली. आयव्हीएफमध्ये गर्भाशय धुतले जात नाही. अल्ट्रासाऊंडच्या मदतीने सुईने थेट पुटिकांमधून स्त्रीबीजे शोषून घेतली जातात आणि फलन प्रयोगशाळेत होते.

आपल्या वशिंडाच्या गाई इथे उजव्या ठरतात. होल्स्टिनच्या तुलनेत गीरसारख्या जातींच्या अंडाशयात प्रत्येक लाटेत जास्त पुटिका वाढतात, त्यामुळे कोणतेही संप्रेरक न देताही भरपूर स्त्रीबीजे मिळू शकतात. भारतातून गेलेल्या गीर आणि ओंगोल वंशाच्या जनावरांवर ब्राझीलने आयव्हीएफचा जो प्रचंड पसारा उभा केला, त्याचे हे एक मोठे कारण आहे. तेव्हा गीर गाईसाठी कुणी महागड्या संप्रेरकांचा आग्रह धरत असेल, तर ‘याची गरज का?’ हा प्रश्न पशुपालकाने जरूर विचारावा. होल्स्टिन किंवा तिच्या संकरित गाईच्या बाबतीत मात्र एफएसएचचा उपयोग होतो आणि बीजे काढण्यापूर्वी हायलुरोनानमधून एकच डोस देण्याची पद्धतही अभ्यासली गेली आहे.

खरी कसोटी म्हशीची आहे. कर्नालच्या राष्ट्रीय दुग्ध संशोधन संस्थेत १९९०मध्ये आयव्हीएफने जन्मलेल्या म्हशीच्या पारडाचे नाव ‘प्रथम’ ठेवले गेले होते. पण म्हशीच्या अंडाशयात सुप्त पुटिकांचा साठाच गाईपेक्षा खूप कमी असतो. तिला गाईसारखेच एफएसएच दिले तरी एका वेळी हाती येणारे चांगले भ्रूण सरासरी एक-दोनच असतात, आणि फुटलेल्या पुटिकांतली बरीच बीजे गर्भनलिकेपर्यंत पोहोचतच नाहीत. त्यामुळे पंढरपुरी किंवा मुऱ्हा म्हशीच्या मालकाने आठ इंजेक्शने की दोन, हे ठरवण्याआधी अल्ट्रासाऊंडवर तिच्या पुटिका मोजून घेणे जास्त फायद्याचे आहे.